गाडीखालचा पुठ्ठा

आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या घरी पोर्चमध्ये गाडी उभी असायची, त्या जागी मी तीन वेळा पुठ्ठा बदलला. पहिला फ्रिजच्या खोक्याचा होता, दुसरा पंख्याच्या, तिसरा कशाचा ते आठवत नाही. तिन्ही पुठ्ठ्यांवर एकाच जागी, पुढच्या चाकांच्या मधोमध पण जरा डावीकडं, तेलाचा डाग पडायचा. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं ते माझ्या नकळत झालं, असं कुणाला वाटायला नको.

गाडी मुलगा कॉलेजला असताना घेतलेली. यजमान बँकेत होते, मी मराठी शाळेत शिकवत होते. मुलगा पुण्याला गेला, आम्ही दोघं रिटायर झालो आणि मग यजमानांच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. मला चालवता येत नाही. मुलगा फोनवर म्हणायचा, "विकून टाका आई, वर्षातनं तीनदा तर बाहेर काढता." पण यजमान दर रविवारी सकाळी गाडी पुसायचे, किल्ली लावून दहा मिनिटं जागेवरच इंजिन चालू ठेवायचे आणि आत बसून रेडिओ ऐकायचे. ते बघितल्यावर विकायचं बोलायला माझी जीभ रेटायची नाही.

कुठं जायचं असलं की आम्ही त्याला बोलवायचो. तो माझा विद्यार्थी. सातवीला माझ्या वर्गात होता. खरं सांगायचं तर मला तो वर्गातला आठवतच नव्हता. एकदा भाजी मार्केटात त्यानंच हाक मारली, "बाई, वळखला का?" आणि माझ्या हातातल्या दोन्ही पिशव्या घेऊन घरापर्यंत आला. खानापूर रस्त्याला त्याचं गाव. घरची थोडी भातशेती आणि उद्यमबागेत एका फाउंड्रीत नोकरी. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गाड्या चालवायचा. चाळिशी उलटली होती, कानावरचे केस पिकले होते, पण माझ्यासमोर बसताना अजून पाय मागं घ्यायचा. मी बोलत असताना मधे बोलायचा नाही. आता लिहायला लाज वाटते, पण मला ते आवडायचं.

चिकोडीला एका लग्नाला जायचं होतं, त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा सांगितलं. यजमान आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते, काच खाली होती. त्यानं गाडीखालनं पुठ्ठा ओढून काढला, डागावर बोट फिरवलं आणि वास घेतला.

"बाई, हे इंजिनचं न्हवं. गिअरबॉक्सचं तेल हाय. आतलं रबराचं सील वाळलंय. गाडी नुसती हुबी राहिली की असं होतंय."

"जुनी गाडी आहे, थोडं पडणारच," मी म्हटलं.

"थोडं न्हाय बाई, लई पडतंय. आत तेल संपलं तर गिअरचे दात जातील. मी रविवारी येऊन मेस्त्रीकडं नेतो. तुम्ही नुसतं व्हय म्हणा."

यजमानांनी काचेतनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बघू."

तो रविवार गेला, पुढचाही गेला. त्यानं फोन करून विचारलं, तेव्हा मी घरात पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. पाहुणे नव्हते. गॅरेज, मेस्त्री, सुटे भाग, यातलं मला काही कळत नाही आणि न कळणाऱ्या ठिकाणी गेलं की आपण मूर्ख ठरतो, ही माझी शिक्षिकेची जुनी खोड. त्यापेक्षा पुठ्ठा बदलणं सोपं होतं. पोर्चमध्ये नव्या फिकट फरशा घातल्या होत्या. पुठ्ठा बदलला की त्या स्वच्छ राहायच्या आणि माझ्यापुरता प्रश्न सुटायचा.

निपाणीला माझी थोरली बहीण असते. आक्काच्या मुलीचा साखरपुडा ठरला. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, एका शिक्षणसंस्थेच्या कमिटीवर आहेत. त्या संस्थेनं बेळगावबाहेर, खानापूर रस्त्याला नवी शाळा काढली होती आणि तिथं बसवर एक ड्रायव्हर हवा होता. फाउंड्रीत कामं कमी झाली होती, माणसं कमी करणार अशी बोलणी चालू होती. त्याच्याकडं मोठ्या गाडीचं लायसन होतं. मी फोनवर दाजींच्या कानावर घातलं होतं आणि त्यालाही म्हटलं होतं, "साखरपुड्याला तूच गाडी घेऊन चल. दाजींची ओळख करून देते, पुढचं त्यांच्या हातात."

त्या दिवशी तो पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्टिफिकेटं होती. पिशवी त्यानं डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवली.

आम्ही नऊला निघालो. दुपारी बाराचा मुहूर्त होता, वेळ भरपूर होता. काकती मागं पडली आणि गाडीनं वेग घेतला तसा खालनं एक आवाज यायला लागला. कुणीतरी लांब तोंडातल्या तोंडात कण्हतंय तसा. त्यानं वेग कमी केला, खालचा गिअर टाकला. आवाज बारीक झाला.

"बाई, पाचवा टाकला की आवाज येतोय. तेल संपत आलंय बहुतेक."

"निपाणीपर्यंत जाईल ना?"

"चौथ्यात हळू नेली तर जाईल. संकेश्वरात माझ्या वळखीचा मेस्त्री हाय. अर्धा तास थांबलो तर तेल तरी घालून घेऊ."

मी घड्याळ बघितलं. तबकं, साड्या, ओटीचं सामान मागच्या सीटवर माझ्या बाजूला रचलेलं होतं. आक्का शिस्तीची बाई आहे. मावशीच्या हातनं मुलीची ओटी भरायची असं ठरलं होतं.

"मेस्त्रीचा अर्धा तास म्हणजे दोन तास," मी म्हटलं. "तू चल."

त्यानं चौथ्यातच ठेवली. संकेश्वर आलं आणि गेलं. चौथ्या गिअरमध्ये गाडी इतकी सावकाश चालली होती की उसाचे ट्रॅक्टर सोडले तर सगळे आम्हाला मागं टाकत होते. मला बसवेना.

"अरे, असं बैलगाडीसारखं काय चालवतोस? जरा पळव. बारा वाजतील इथंच."

त्यानं आरशातनं माझ्याकडं बघितलं. "बाई..." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "टाक रे पाचवा. एवढं काही होत नाही."

त्यानं पाचवा टाकला. मी सांगितलं म्हणून टाकला. कण्हणं वाढत वाढत किंचाळल्यासारखं झालं, जळका वास आला आणि तवंदी घाटाच्या तोंडाशी गाडीला असा हिसका बसला की तबकातले नारळ माझ्या मांडीवर आले. त्यानं क्लच दाबून गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला घेतली. गिअरची काठी पाचव्यातच अडकली होती. दोन्ही हातांनी ओढून बघितली, हलेना.

एका ट्रकवाल्यानं थांबून खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. "एनायतु?" म्हणजे काय झालं म्हणून विचारलं. याची आणि त्याची कन्नडमध्ये बोलाबोली झाली. मग यानंच रस्त्यात उभं राहून सीटवर माणसं नेणारं एक वडाप थांबवलं, आम्हा दोघांना आणि सगळ्या तबकांना त्यात बसवलं आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. मी गाडी निपाणीला ओढून आणतो." शर्टाच्या पुढच्या बाजूला तोवर काळं तेल लागलं होतं. गाडीखाली वाकून बघताना लागलं असणार.

वडाप जागोजागी माणसं भरत, तासभर रेंगाळत गेलं; आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा विधी होऊन गेले होते. अंगठ्या घालून झाल्या होत्या, ओटी दुसऱ्याच कुणी भरली होती. लोक पंगतीला बसायच्या तयारीत. आक्का दारापर्यंत आली. तिच्या मागं दाजी होते, मुलाकडची चार मोठी माणसं होती.

"आलीस? सगळं झाल्यावर आलीस?" आक्का म्हणाली. "मावशी येणार, मावशी येणार म्हणून ह्या सगळ्यांना ताटकळत ठेवलं गं मी."

"आम्ही नऊलाच निघालो होतो आक्का."

"मग?"

सगळे माझ्याकडं बघत होते. वडापमध्ये माझी साडी चुरगळली होती, केस विस्कटले होते. मी म्हटलं, "ड्रायव्हरनं गिअरबॉक्स घालवला. गिअर कसा टाकायचा तेच धड कळत नाही त्याला."

पहिलं वाक्य घाईत तोंडातनं गेलं असं म्हणता येईल. दुसरं मी जोडलं.

दाजी पुढं आले. "हाच का गं तो? शाळेच्या बससाठी म्हणत होतीस?"

"हो."

"मग राहू दे बाई. त्यात पोरं बसायची आहेत."

मी काही बोलले नाही. यजमान माझ्या शेजारीच उभे होते, तेही बोलले नाहीत. कुणीतरी पेढ्यांचं ताट पुढं केलं, मी एक पेढा उचलला.

थोड्या वेळानं तो हॉलच्या आत आला. चपला बाहेर काढून, भिंतीच्या कडेकडेनं. "बाई, गाडी गॅरेजला लागली. मेस्त्री तुम्हाला बोलवतोय." दाजी पाच हातांवर उभे होते. त्यानं त्यांच्याकडं बघितलं नाही आणि मी ओळख करून दिली नाही. आक्काच्या घरातल्या कुणीतरी त्याला जेवून जा म्हटलं, तो म्हणाला, "आधी बाईंना गॅरेजला नेऊन आणतो."

गॅरेज जवळच होतं. शेजारी तंबाखूची वखार होती, तिचा उग्र वास आणि जळक्या तेलाचा वास एकात एक मिसळलेला. मेस्त्री साठीचा असेल. त्यानं आमच्यासमोर गिअरबॉक्सचा खालचा नट सोडला आणि पसरट डबा धरला. वाटीभरही तेल आलं नाही. जे आलं ते काळं आणि त्यात चंदेरी चुरा चमकत होता.

"बघा. दात झिजून तेलात उतरलेत," मेस्त्री म्हणाला. "कोरडी चालवलीया गाडी. पाचवा तर पार गेला." मग त्यानं मोर्चा याच्याकडं वळवला. "काय रं, ड्रायव्हर हाईस न्हवं? खाली तेल पडतंय ते दिसत न्हाय? माणसं तुझ्या भरवशावर बसत्यात गाडीत."

मी पदर तेलाला लागू नये म्हणून हातात गोळा करून उभी होते. मला वाटलं, आता हा सांगेल. चिकोडीच्या वेळेचं सांगेल, संकेश्वरचं सांगेल, पाचवा कुणी टाकायला लावला ते सांगेल. मी मनात उत्तरंसुद्धा जुळवायला लागले होते.

तो डब्यातल्या तेलाकडं बघत होता. "चुकलं मेस्त्री," म्हणाला.

मी विचारलं, "किती दिवस लागतील?"

संध्याकाळी आम्ही आक्काच्या पुतण्याच्या गाडीतनं बेळगावला परत आलो. तो निपाणीतच थांबला. फाउंड्रीत सुट्टी टाकली, दोन दिवस गॅरेजमध्ये बसून समोर काम करून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. जुने गिअर वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते, "मेस्त्री म्हटला, मालकास्नी दाखव." मी कागद उघडून बघितला. एका चाकाचे दात एका बाजूला गुळगुळीत झाले होते, बोट फिरवलं तर अडत नव्हतं.

"आता महिन्यातनं दोनदा तरी बाहेर काढा," तो म्हणाला. "जागेवर इंजिन चालू करून उपयोग न्हाय. चाकं फिरायला पाहिजेत."

मी चहा टाकते म्हटलं. तो थांबला नाही. दाजींचं काय झालं ते त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं नाही याचं मला बरं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी चहा घेताना यजमान म्हणाले, "चिकोडीला जाताना त्यानं तुला सांगितलं होतं."

"हो."

"मी ऐकलं होतं. तू हॉलमध्ये बोललीस तेव्हा मीही गप्प बसलो." कप खाली ठेवून म्हणाले, "गाडी माझी. मीच न्यायला लावायला पाहिजे होती."

ते माझ्यावर चिडले असते तर मी भांडले असते. ते दोष स्वतःकडं घ्यायला लागले तेव्हा मला बोलायला जागा उरली नाही. मी त्याच संध्याकाळी दाजींना फोन लावला. फोन लावताना सगळं सरळ सांगायचं ठरवलं होतं. पण तिकडनं दाजींचा भारदस्त आवाज आला आणि मी म्हटलं, "दाजी, त्या ड्रायव्हरचं म्हणत होते... तशी त्याची एकट्याची चूक नव्हती हं."

"अगं, राहू दे ते. आपल्या ओळखीचा घेतला आणि उद्या काही झालं तर तुझं-माझं नाव. दुसरा मिळाला आम्हाला."

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. आपण प्रयत्न केला, आता जागाच भरली, आपण तरी काय करणार. त्या हलकेपणाची आठवण आली की आजही मी हातातलं काम सोडून उगीच दुसऱ्या खोलीत जाते.

नंतर आम्ही त्याला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "सुट्टी न्हाय बाई." आवाज तसाच नम्र. मग पावसाळ्यानंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती, ती त्याच्याच गावची. तिच्याकडनं कळलं की फाउंड्रीनं माणसं कमी केली त्यात तो गेला आणि आता भाजीचा टेम्पो घेऊन कणकुंबीमार्गे गोव्याला जातो. "शाळेची बस मिळणार होती म्हणे त्याला," ती म्हणाली, "पण कुणीतरी खो घातला बघा बाई." तिला काही माहीत नव्हतं. मी तिला लाडू दिला, शाळेच्या गोष्टी केल्या. ती गेल्यावर मला घरात बसवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसनं त्याच्या गावी गेले. यजमान येतो म्हणाले, मी नको म्हटलं. घर विचारत विचारत गेले. पुढं पत्र्याचं छप्पर, कडेला भाताची पोती रचलेली. तो नुकताच झोपेतनं उठून बसला होता, मला बघून धडपडत उभा राहिला.

"बाई! हिकडं कशा काय? फोन केला असता तर मीच आलो असतो की."

त्यानं खुर्ची पुसली. बायकोला हाक मारली, पाणी आणायला सांगितलं. आतनं मुलगी आली, दहावीला असेल. "ह्या माझ्या बाई," तो तिला म्हणाला. "पाया पड." मी नको नको म्हणेपर्यंत मुलगी वाकली. माझा हात तिच्या डोक्यावर गेला तो सवयीनं. 

मुलगी आत गेल्यावर मी सांगितलं. उभी राहूनच सांगितलं. दाजींसमोर मी काय म्हणाले, दोन्ही वाक्यं जशीच्या तशी. तुझी काही चूक नव्हती हे मला माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं, हेही सांगितलं.

तो जमिनीकडं बघत होता. "जाऊ दे बाई," म्हणाला. "झालं ते झालं. तुम्ही एवढ्या लांब कशाला आलासा?"

त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातात पाण्याचा तांब्या तसाच.

"बाई, एक बोलू?" ती म्हणाली. "ह्ये तुमच्यापुढं तोंड उघडणार न्हाईत. तुमी शिकवलंय त्येस्नी. मी काय तुमच्या शाळंत नव्हते."

"ए, गप गं."

"का गप?" ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "त्या दिवशी ह्ये हॉलच्या दारातच हुबं होते. गाडी पोचली म्हणून सांगायला आलते. तुमी बोलला ते सगळं आयकलं. तरीबी दोन दिस तुमच्या गाडीपाशी बसून काढले. घरी येऊन मला सांगिटलं न्हाय. शर्टाचा डाग काय जाईना, तवा मी म्हटलं, नोकरी लागली की नवा घ्या. तवा कुठं बोलले."

 मी खुर्चीत बसले. त्यानं दारातनं ऐकलं होतं. भिंतीच्या कडेकडेनं आत आला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. गॅरेजमध्ये "चुकलं मेस्त्री" म्हणाला तेव्हा माहीत होतं. मी विचारलं, "मग तू मेस्त्रीला का नाही सांगितलंस?"

"बाई हुब्या असताना कसं सांगणार?" तो म्हणाला. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

मी त्याच्या बायकोला म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ कर."

"मला सांगून काय हुतंय?" ती म्हणाली. "चार माणसांत बोललासा. चार माणसांतच सांगा." तिनं तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. चहा झाला नाही. तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत शेताचं बोलला, मुलीच्या परीक्षेचं बोलला. बस आली तेव्हा म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका बाई."

मी मनावर घेतलं. आक्काला फोन करून विचारलं, मुलाकडची माणसं लग्नाच्या याद्या करायला कधी येणार आहेत. त्या दिवशी सकाळच्या बसनं निपाणीला गेले. दिवाणखान्यात तीच माणसं होती, तीच चार मोठी माणसं, दाजी आणि आक्का. चहा झाल्यावर मी म्हटलं, "मला एक सांगायचं आहे."  चाळीस पोरांसमोर तीस वर्षं बोलले, पण एवढं अवघड कधी गेलं नव्हतं. मी सांगितलं की साखरपुड्याला उशीर माझ्यामुळं झाला. तेल गळतंय हे मला कळत होतं, त्यानं सांगितलं होतं, संकेश्वरला थांबू म्हणाला होता, पाचवा गिअर मी टाकायला लावला. आणि त्याला गाडी उत्तम येते.

मुलाकडचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. त्यांना बहुतेक तो प्रसंग आठवतही नव्हता. आक्का लाल झाली. "हे पाहुण्यांसमोर सांगायचं होतं होय गं?" म्हणाली.

दाजींनी चष्मा काढून पुसला. "मग फोन केलास तेव्हा का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"आणि माझ्या तोंडानं एका माणसाला नको म्हणवलंस ते?"

 दाजी त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. आक्काच्या मुलीच्या लग्नात मला सगळे मान मिळाले, पण आक्का कुठलंही काम सांगताना दोनदा विचारायची, "नक्की जमेल ना?"

पुढच्या जूनमध्ये त्या शाळेनं दुसरी बस घेतली. दाजींनी स्वतः त्याला फोन केला. तो शाळेत जाऊन त्यांना भेटलाही, पण नोकरीला नको म्हणाला. मी विचारलं तर म्हणाला, "टेम्पोत आता मी भागीदार हाय बाई. आणि तिथं मला बघिटलं की साहेबांना दरवेळी ते सगळं आठवणार. त्येंनाबी अवघड, मलाबी."

गाडी आम्ही विकली. विषय यजमानांनीच काढला. घेणाऱ्याला गिअरबॉक्सचं सगळं आधी सांगितलं, तरी त्यानं घेतली. रविवारी सकाळी यजमान आता रेडिओ घेऊन पायरीवर बसतात.

तो मार्केटात कधीमधी भेटतो. टेम्पो थांबवून, खाली उतरून बोलतो. मुलगी कॉलेजला जाते, मार्क चांगले पडले, असं सांगतो. त्याची बायको रविवारी आमच्या बाजूला रस्त्याकडेला भाजी घेऊन बसते. मी जाताना दिसले की ती पाटीतली भाजी सारखी करत राहते. गेल्या महिन्यात मी तिच्यासमोर थांबून कोथिंबीर मागितली. तिनं पाटीतल्या सगळ्यांत ताज्या दोन पेंड्या काढून माझ्या पिशवीत टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमाला काय देऊ?"